अर्धा तास चूळ नाही

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर यज्ञेश्वर मेहेंदळे राहायचे. त्यांच्या दारावर दोन पाट्या होत्या. वरची नावाची. खालची अशी: 'औषध फुकट मिळेल. वेळ ५ ते ७. त्यानंतर बेल वाजवणाऱ्यास कडू औषध देण्यात येईल.' ही शुद्ध थाप होती. काकांकडे कडू औषध नव्हतंच. होती ती एक शिसवी पेटी, तिच्यात बुचं लावलेल्या शंभरएक काचेच्या बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीत मोहरीएवढ्या पांढऱ्याशुभ्र, गोड गोळ्या.

काका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असतानाच त्यांनी होमिओपॅथीची जाडजूड पुस्तकं वाचून काढली होती आणि निवृत्तीनंतर सगळी पेठ हाच त्यांचा दवाखाना झाला. बोलणं मात्र तिखट. कुणी म्हणालं, "काका, रात्री झोप येत नाही हो," की ते विचारणार, "ऑफिसातली पुरत नाही का?" आणि वर चार गोळ्याही देणार. लोक हसत, गोळ्या घेत, बरं वाटलं म्हणून सांगायला परत येत. मुलं तर काहीही झालेलं नसताना येत.

गोळ्यांच्या पुडीबरोबर ते स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेला एक कागद देत. तो मला अजून पाठ आहे. 'गोळ्या जिभेखाली ठेवाव्यात. चावू नयेत. नंतर अर्धा तास काही खाऊ नये, पाणी पिऊ नये, चूळ भरू नये. कांदा, कापूर व पुदिन्याची टूथपेस्ट वर्ज्य.' त्या गोळ्यांत औषध किती असतं यावर मी आयुष्यात कुणाशी वाद घातला नाही. साखर किती असते ते मला ठाऊक आहे. मी दातांची डॉक्टर आहे. म्हणजे होते.

माझे वडील त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचे, शाळेत शिक्षक होते. मी डॉक्टर झाले तेव्हा मला दवाखान्याला जागा कोणी देईना. दाताचं यंत्र म्हणजे कर्कश आवाज, त्यात पाण्याची भानगड, त्यात मुलगी बिनलग्नाची. तीन जागा पाहिल्या आणि तिन्ही मालकांनी नम्रपणे नाही म्हटलं. पुण्यात कोणी नम्रपणे नाही म्हटलं की पुन्हा विचारायला जायचं नसतं.

मग एका संध्याकाळी काका आमच्याकडे आले. दारातूनच म्हणाले, "नीरजा, तळमजल्यावरची माझी खोली बघून ठेव. बेसिन आहे, उजेड आहे."

"पण तिथे तुमचा दवाखाना आहे ना?"

"माझ्या दवाखान्याला एक पेटी लागते आणि एक खुर्ची. दोन्ही वरच्या गॅलरीत मावतात. तुझी ती राक्षसी खुर्ची गॅलरीत मावणार आहे का?"

अशी मला जागा मिळाली. १९८५ चा जून. माझे पहिले पेशंटही काकाच. त्यांचे स्वतःचे दात पन्नाशीतच गेले होते. मी त्यांना कवळी करून दिली. ती इतकी चपखल बसली की ते भर रस्त्यात ती काढून लोकांना दाखवायचे. "बघा, आमच्या डॉक्टरीणबाईंचं काम!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्या कवळीमुळे माझ्याकडे लोक यायला लागले हेही खरं.

काकांच्या पत्नी आधीच गेलेल्या. मुलगा दीनानाथ बँकेत, सून टेलिफोन खात्यात, तिच्या पाळ्या असायच्या. मी तिला वहिनी म्हणायचे. त्यांची मुलगी आनंदी माझा दवाखाना सुरू झाला तेव्हा नऊ महिन्यांची होती. काकांच्या आईचं नाव तिला ठेवलेलं. दिवसभर ती आजोबांपाशी. न्हाऊ घालायला आणि धुणंभांड्याला बायडाबाई यायच्या, त्यांच्याशिवाय घरात दुसरं कोणी नाही. काका तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरत, तिच्याशी मोठ्या माणसासारखं बोलत, पेपर वाचून दाखवत. जगात कुणालाही न सोडणारा हा माणूस त्या मुलीला चुकूनही टोचून बोलत नसे.

आनंदीला दात येऊ लागले तशी ती किरकिर करायला लागली. काकांनी पुस्तक काढलं, लक्षणं जुळवली आणि गोळ्या सुरू केल्या. चार गोळ्या, दिवसातून सहा वेळा. किरकिर थांबली. साखर जिभेवर ठेवल्यावर कोणत्या बाळाची थांबणार नाही? पण गोळ्या काही थांबल्या नाहीत, कारण दात येणं थांबत नव्हतं. एक आला की दुसरा. पुढेपुढे आनंदी स्वतःच दुडुदुडु गॅलरीत जायची, पेटीसमोर उभी राहायची आणि 'गोई' म्हणून जीभ बाहेर काढायची. शेवटच्या गोळ्या झोपायच्या आधी. त्यानंतर अर्ध्या तासाने दुधाची बाटली, दुधात दोन चमचे साखर. बाटली तोंडात असतानाच तिचा डोळा लागायचा.

"विलायती औषधाचा थेंब हिच्या पोटात गेलेला नाही," काका सगळ्यांना अभिमानाने सांगायचे.

शहाऐंशीच्या गुढीपाडव्याला मी दवाखान्याच्या दाराला तोरण बांधत होते. काका आनंदीला कडेवर घेऊन जिना उतरले. तिच्या गळ्यात साखरेची गाठी, पदकाचं एक टोक तोंडात. मी तिला हात दाखवल्यावर ती खुदकन हसली आणि मला तिच्या वरच्या चार दातांवर हिरडीलगत एक पांढरी रेष दिसली. खडूने ओढावी तशी. खालचे दात ठीक होते. ते जिभेच्या आडोशाने वाचतात.

ही रेष म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. तिथे दाताला अजून भोक पडलेलं नसतं, तो नुसता कमजोर झालेला असतो. अशा वेळी सारखं गोड देणं थांबवलं, बाटली तोंडात ठेवून झोपवणं बंद केलं, रोज दात साफ केले, वरून थोडं औषध लावलं, तर ती रेष तिथेच थांबते, कधी मागेही जाते. पहिला दात दिसला की त्याच दिवसापासून ओल्या फडक्याने पुसायला लागायचं, महिन्याकाठी बाळाचा ओठ वर करून पाहायचं. एवढंच असतं सगळं. मी हे परीक्षेत लिहिलं होतं. त्याचे मार्कही मिळाले होते.

मी म्हटलं, "काका, रात्री हिचे दात ओल्या फडक्याने पुसत जा हं."

"कशाला? दुधाचेच दात ना? चार दिवस राहायला आलेल्या पाहुण्यासाठी कोणी घराला रंग देतं का? आणि गोळीवर तोंड पुसलं तर औषध काय त्या फडक्याला लागू पडणार?"

मी हसले. पाहुण्याची उपमा मला आवडली होती. ते माझं हसणं आजही आठवलं की स्वतःचीच किळस येते.

त्या वेळी मी सांगायला हवं होतं, की काका, थट्टा नाही, ही रेष बघा. तुमच्या गोळ्यांमुळे होतंय, तुमच्या त्या कागदामुळे होतंय. पण ज्यांच्या खोलीत मी उभी होते त्यांना हे सांगायचं कसं? त्यांनी माझ्यासाठी आपला दवाखाना उचलून गॅलरीत नेला, आणि मी त्यांनाच सांगू की तुमचा दवाखाना तुमच्याच नातीचे दात खातोय? मी मनाशी म्हटलं, सवडीने सांगू. वहिनींना सांगू. त्या दुपारी काकांनी माझ्याकडे तीन पेशंट पाठवले आणि तो विषय माझ्या मनातून गेला. गेला म्हणजे मी घालवला.

पावसाळ्यात एके दिवशी बायडाबाई आनंदीला घेऊन दवाखान्यात आल्या. बायडाबाईंचं माहेर मांजरी गावचं. उसाच्या फडात वाढलेल्या, बोलायला कुणाला भ्यायच्या नाहीत. त्यांनी अंगठ्याने आनंदीचा ओठ वर केला. रेष आता तपकिरी झाली होती आणि दातांच्या कडा झिजल्या होत्या.

"डाक्टरीणबाई, पोरीच्या दातांस्नी कीड लागलीया. तुमी बगा की."

"पाहतेय."

"आमच्याकडं पोरं दिसभर ऊस खात्यात, पर खाऊन चूळ तरी भरत्यात. हितं चूळ भरायचीच बंदी हाय. म्या बोलले तर आजोबा म्हनत्यात, तुला काय कळतंय. तुमी सांगा. तुमचं आयकतील."

"सांगते," मी म्हटलं.

संध्याकाळी मी खरोखरच निघाले. एक जिना, अठरा पायऱ्या. वर पोचले तर गॅलरीत काका कुणाला तरी सांगत होते, "दाताचं आम्हाला विचारू नका. खाली आमची नीरजा आहे, अशी डॉक्टर पेठेत दुसरी नाही." मला पाहून म्हणाले, "ये, तुझंच चाललंय!" मी पाच मिनिटं बसले, हवापाण्याचं बोलले, आनंदीच्या गालाला हात लावला आणि खाली आले. बायडाबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "सांगितलं का?" मी म्हटलं, "हो, बोलले." ही माझी त्या सगळ्यातली पहिली उघड खोटी गोष्ट. आधीचं नुसतं गप्प बसणं होतं.

पुढचं वर्षभर ते दात काळे पडत, मोडत गेले. मी जिन्यात दिसले की आनंदी पळत यायची आणि मी तिच्या तोंडाकडे न पाहता तिच्या फ्रॉकचं कौतुक करायचे. वहिनींनी एकदा विचारलंही, "हिचे दात असे का गं?" आणि मी म्हटलं, "दुधाचे आहेत, पडतील. पण एकदा नीट बघू या सवडीने." काकांचंच वाक्य मी वहिनींना दिलं.

सत्त्याऐंशीची दिवाळी. आनंदीला नुकतंच तिसरं वर्ष संपून चौथं लागलं होतं. मी दवाखाना बंद करून साताऱ्याला मामाकडे गेले होते. वसुबारसेला आनंदीचा गाल सुजला. काकांनी पेटी उघडली. नरकचतुर्दशीला ताप चढला, त्यांनी गोळ्या बदलल्या. पाडव्याला पुन्हा बदलल्या. भाऊबीजेला मी परतले तर वहिनी जिन्यातच उभ्या, कडेवर आनंदी. तिचा उजवा डोळा पार मिटला होता आणि ती रडतही नव्हती, नुसती कण्हत होती. आम्ही रिक्षा करून तिला इस्पितळात नेलं. काका मागून चालत आले. रिक्षात जागा होती, पण वहिनींनी त्यांना बसा म्हटलं नाही.

दाताच्या मुळाशी झालेला पू वर डोळ्याकडे सरकत होता. तिला भूल देऊन वरचे समोरचे चारही दात आणि तीन दाढा काढल्या. सात. इस्पितळातले डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आणखी एक दिवस घालवला असतात तर डोळ्यावर बेतलं असतं. हे दात वर्ष-दीड वर्ष किडत होते. घरात कुणी बघितलंच नाही का?"

वहिनी काकांकडे पाहत राहिल्या. दीनानाथ जमिनीकडे. मी त्यांच्यात उभी होते, पर्स दोन्ही हातांनी धरून.

"दिवसभर माझ्याकडे असते ती," काका म्हणाले. "माझी चूक."

मी तिथेही काही बोलले नाही.

आठ दिवसांनी काका दवाखान्यात आले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि पेशंटच्या खुर्चीवर न बसता स्टुलावर बसले. माणूस आठ दिवसांत केवढा म्हातारा होऊ शकतो ते मी तेव्हा पाहिलं.

"बायडा म्हणते, तिनं तुला दाखवलं होतं. खरं?"

"हो."

"कधी?"

"गेल्या वर्षी. पावसाळ्यात." मग मलाच राहवलं नाही. "त्याच्याही आधी मला दिसलं होतं, काका. गुढीपाडव्याला. तेव्हा काहीच गेलेलं नव्हतं. तेव्हा थांबवता आलं असतं."

काकांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला ही खोली दिलीत. कुठल्या तोंडाने सांगू की तुमच्या गोळ्यांनी..."

"खोली मी दातांच्या डॉक्टरला दिली होती, नीरजा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मला खोलीचे उपकार मानणारी मुलगी नको होती. अशा पेठेत पुष्कळ आहेत."

एवढं बोलून ते उठले आणि हळूहळू जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावरची खालची पाटी बदललेली होती. 'गोळ्या बंद. ज्या मुलांना माझ्याकडून दिल्या गेल्या, त्यांचे दात तळमजल्यावर दाखवून घ्यावेत. दुधाचे असले तरी. चूक माझी.' खाली पूर्ण नाव. पुण्यात पाट्यांवर लोकांच्या चुका लिहिलेल्या मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. स्वतःची लिहिलेली ती एकच.

मी वर गेले. म्हटलं, "काका, त्यात माझंही नाव घाला."

"माझ्या दारावर माझी चूक," ते म्हणाले. "तुझ्या दारावर तुझी लाव. दार आहे तुला."

मी खाली येऊन माझ्या दारासमोर उभी राहिले. दवाखान्याला जेमतेम अडीच वर्षं झाली होती. कुठल्या आईने मूल आणलं असतं अशी पाटी वाचून? मी ती लावली नाही.

उलट झालं काय, काकांची पाटी वाचून लोक माझ्याकडेच आले. काका रोग्यांच्या वह्या ठेवायचे. त्या घेऊन ते स्वतः घरोघर गेले. जिने चढत, धापा टाकत, ज्या ज्या मुलाला गोळ्या दिल्या त्याच्या आईला सांगत, "दात दाखवून घ्या. रात्रीची बाटली बंद करा. पहिला दात आला की पुसा." काहींनी चहा दिला, काहींनी दारातूनच बरं म्हटलं, एकाने तोंडावर विचारलं, "आता का उपरती?" कुणालाही न सोडणारे काका त्याला "उशीरच झाला" एवढंच म्हणाले. त्यांनी पाठवलेल्या मुलांपैकी अकरांच्या दातांवर मला ती पांढरी रेष दिसली. अकराही जणांचे दात वाचले. माझा लौकिक झाला. मुलांचे दात बघावेत तर नीरजाबाईंनी, असं लोक म्हणायला लागले, ते तेव्हापासून.

वरच्या मजल्यावर काय चाललं होतं ते मला जिन्यातून कळायचं. वहिनींनी पाळी बदलून घेतली, मग एका बाईंकडे आनंदीची सोय केली. काकांच्या हातचं तिला काही खाऊ द्यायचं नाही, असा घरात नियम झाला. द्राक्षाचा मणीसुद्धा नाही. काकांनी कधी तक्रार केली नाही. रात्रीची बाटली वहिनींनीच भरून दिलेली असायची, पण तेही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

समोरचे दूधदात वेळेआधी गेले की नवे यायला वर्षं लागतात. आनंदी बालवाडीत गेली ती तशीच. मुलं तिला 'बोळकी' म्हणायची. 'स' आणि 'त' तिला नीट म्हणता यायचे नाहीत, बाई पुन्हा पुन्हा म्हणायला लावायच्या, मग ती बोलेनाशीच झाली. हसू आलं की आधी हात तोंडावर जायचा.

तेव्हा काकांनी कवळी लावायची सोडली. मी केलेली, रस्त्यात काढून दाखवायचे ती. डबीत घालून ठेवून दिली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ती जाते ना शाळेत बिनदाताची? मग मला कुठल्या लग्नाला मिरवायचंय?" संध्याकाळी गॅलरीत ते आनंदीसमोर बसून बोळकं पसरून दाखवायचे, "बघ, आपण दोघं सारखे." एकदा मी खालून पाहिलं, ती खूप दिवसांनी हसत होती, तोंडावर हात धरून का होईना. मग आतून वहिनींची हाक आली आणि ती आत गेली. काका तसेच बसून राहिले.

चार वर्षं ते गुरगुट्या भात आणि पातळ वरण खाऊन राहिले. आनंदीला आठवं लागता लागता समोरचे मोठे दात आले, पांढरे, नीट. त्या दिवशी काका कवळीची डबी घेऊन माझ्याकडे आले. खुर्चीत बसून त्यांनी ती घालून पाहिली आणि ती बसेना. चार वर्षांत हिरड्या झिजतात, जुनी कवळी ढिली होते. मी म्हटलं, "काका, नवी करू."

"राहू दे. तिचे आले ना?" मग म्हणाले, "नीरजा, दात आले, मग हात का जात नाही गं तोंडावरचा? ह्याला तुमच्यात काही औषध आहे का?"

"नाही, काका."

"आमच्यातही नाही. पुस्तकात शोधलं मी."

ते अठ्ठ्याण्णवमध्ये गेले. तेव्हा आनंदी चौदाची व्हायची होती. शेवटपर्यंत ती पाटी त्यांच्या दारावर होती. उन्हाने अक्षरं फिकी पडली की ते पुन्हा गिरवायचे.

२०१४ साली एका दुपारी आनंदी माझ्या दवाखान्यात आली. तीस वर्षांची, कर्वेनगरला राहणारी, एका कॉलेजात शिकवणारी. दात साफ करून घ्यायचे होते. दात उत्तम होते, एकही कीड नाही. मी काहीतरी गमतीचं बोलले, ती हसली, आणि तिचा हात तोंडावर गेला.

काम झाल्यावर रुमालाने तोंड पुसत ती सहज म्हणाली, "नीरजाताई, लहानपणी माझे दात आजोबांनीच घालवले ना? आई अजून म्हणते. मला त्यांचा फार राग यायचा. शेवटी आजारी होते तेव्हा मी त्यांच्या खोलीतसुद्धा जायची नाही."

मी हात धूत होते. नळ बंद केला. सत्तावीस वर्षं झाली होती.

"एकट्या त्यांनी नाही," मी म्हटलं. आणि तिला सगळं सांगितलं. पाडवा, गाठी, ती रेष, बायडाबाई, अठरा पायऱ्या, इस्पितळातली माझी पर्स.

"आजोबांना हे माहीत होतं? तुम्ही पाहिलं होतं ते?"

"हो."

"त्यांनी घरात कधीच सांगितलं नाही."

"नाही."

"आई त्यांना माझ्यापाशी बसू द्यायची नाही, ते तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही खालीच होतात."

"हो, आनंदी. खालीच होते."

ती उठली, पर्स घेतली. दाराशी थांबून तिने जिन्याकडे, वरच्या मजल्याकडे पाहिलं. तिथे तेव्हा दुसरंच बिऱ्हाड होतं. मग ती गेली. सहा महिन्यांनी पुन्हा यायची तारीख मी तिला आधीच लिहून दिली होती. ती आली नाही. त्यानंतरही कधी नाही.

काकांनी माझं नाव का सांगितलं नसेल याचा मी फार विचार केला आहे. सांगितलं असतं तर वहिनींचा अर्धा राग खाली माझ्यावर उतरला असता आणि त्यांना नात निम्मी तरी मिळाली असती. पण मग त्या अकरा मुलांना माझ्याकडे कुणी आणलं असतं? त्यांनी त्या मुलांचा हिशेब केला आणि नात सोडली, असं मला वाटतं. मी ते त्यांना करू दिलं.

आनंदी येऊन गेली त्या रात्री मी एक पाटी लिहायला बसले. 'आनंदी मेहेंदळे हिच्या दातांवरची रेष मी वेळेवर पाहिली आणि सांगितली नाही. चूक माझी.' खाली नाव, पदवीसकट. सकाळी दवाखान्यात घेऊन गेले. पहिल्या पेशंटची आई तान्हं मूल घेऊन दारातच उभी होती, आणि मी पाटी पिशवीतच ठेवली. उद्या लावू म्हटलं.

इमारत २०१८ ला पाडली, तिथे आता नवी उभी राहिली आहे. मी दवाखाना बंद केला. पाटी माझ्या कपाटात आहे. लावायला दार नाही.